गुणाजीच्या वाटणीची ओळ

१

महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी शाळा सुटली की सरू वरसेला घरी न जाता आधी रोह्याच्या एस.टी. स्टँडवर जायची. पेणहून आलेल्या गाडीचा कंडक्टर आपल्या पेटीखालून एक लांबडी वही काढून तिच्या हातात द्यायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, "बाई, संपली का नाय तुमची कविता?" सरू म्हणायची, "संपली की सांगते." एवढ्यावर दोघांचं भागायचं.

कविता चौघांची होती. डोलवीला कंपनीत काँट्रॅक्टवर काम करणारा पोपट पहिली ओळ लिहायचा. रोह्याच्या शाळेत मराठी शिकवणारी सरू दुसरी, खाडीकाठच्या मिठागरावरचा गुणाजी तिसरी, आणि पेणच्या एका वाचनालयाचे चिटणीस दिनानाथ चौथी. महिन्याला एक कडवं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तीनला वाचनालयाच्या माडीवर चौघं जमायचे, नवं कडवं मोठ्याने वाचायचे आणि चहा पिता पिता भांडायचे. नियम एकच होता. ज्याची ओळ त्यानेच लिहायची.

तो नियम गुणाजीने आणलेला. एकदा पोपटला लागोपाठ शिफ्ट लागल्या आणि त्याची ओळ राहिली. दिनानाथांना धीर कुठला? त्यांनी पेनचं टोपण काढलं तेव्हा गुणाजीने वही सरळ आपल्याकडे ओढून घेतली. "आमच्या जोलात असं चालत नाय, सर," तो म्हणाला. जोळ म्हणजे खाडीचं खारं पाणी भातशेतीत घुसू नये म्हणून गावाने मिळून राखलेला मातीचा बांध. प्रत्येक घराच्या वाटणीला बांधाचा एक तुकडा येतो. "मानूस मुंबईला जेला, आजारी परला, तरी त्याचा तुकरा दुसरा कोन भरत नाय. जागा तशीच ठेवाची. त्यो येतो नि भरतो."

सगळ्यांना हे फारच आवडलं. शिकलेल्या माणसांना गावाकडचं असलं काही नेहमीच आवडतं, अर्धवट ऐकलेलं असलं तरी.

अठ्ठ्याण्णव सालच्या भाद्रपदात मोठं उधाण आलं आणि बांधाला भगदाड पडलं. डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन ते बुजवायला धावलेला गुणाजी बांधासकट पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला.

२

पुढच्या बैठकीत दिनानाथांनी दोन मिनिटं स्तब्धता पाळली आणि तिसऱ्या मिनिटाला कामाचं काढलं. "आता तिसऱ्या ओळीचं काय करायचं? मी म्हणतो, मी दोन लिहितो. लय जमेल."

सरूच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि हे त्याच्या जागी पाय पसरायला निघाले. तिने टेबलावर हात आपटला तसा कपातला चहा बशीत सांडला.

"त्याची ओळ कुणीही लिहायची नाही. जागा तशीच राहील. कोरी. वाचताना तिथे थांबायचं, आणि मग पुढे जायचं."

"कोरी ओळ छापणार कशी?" दिनानाथ म्हणाले.

"छापण्याचं तुम्ही बघा. नियम त्याचा आहे आणि तो त्यालाच नाकारायचा? मग मी पण येत नाही."

पोपट तिच्या बाजूने झाला. दिनानाथांनी तोंड वाकडं केलं, पण कबूल केलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत सरूला स्वतःचा बराच अभिमान वाटला. एका मिठागरावरच्या माणसाची जागा आपण राखली, असं ती मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहिली.

तिसऱ्या गुरुवारी वही आली. पोपटने लिहिलं होतं, "शिफ्ट सुटली, डब्यात उरलं अर्ध्या भाकरीएवढं ऊन." सरूने खाली लिहिलं, "पुलावरचा वारा माझ्या पदराशी भांडतो." त्याखाली तिने एक ओळ मोकळी सोडली, वही कागदात गुंडाळली, सुतळीने बांधली आणि कंडक्टरच्या हाती पेणला धाडली.

रविवारी दिनानाथ कडवं वाचायला उभे राहिले. सरूची ओळ वाचली. आता थांबणार म्हणून सरूने मान खाली घातली. ते थांबले नाहीत.

"पाटी खाली ठेवू द्या, डोईवरला चिखल वाळला."

सरूने वही हिसकावून घेतली. तिसरी ओळ पेन्सिलीने लिहिलेली होती, आणि अक्षरांवर रेघ नव्हती. गुणाजी कधीच वरची रेघ ओढायचा नाही. "एवरा वेल कोनाला हाय," म्हणायचा.

३

"लाज वाटत नाही तुम्हाला?" सरू म्हणाली. तिचा आवाज खाली वाचनालयात पेपर वाचत बसलेल्यांनाही ऐकू गेला असेल. "मेलेल्या माणसाचं अक्षर गिरवता?"

दिनानाथांचा चेहरा लाल झाला. "मी? वही माझ्याकडे आली तेव्हा ओळ होती. मी उलट म्हटलं, काय ही बाई, स्वतःच भांडली आणि स्वतःच लिहून मोकळी झाली. तुमच्याकडून माझ्याकडे येईपर्यंत मध्ये आहे कोण?"

मध्ये कंडक्टर होता, आणि त्याला तिकिटावरच्या आकड्यांपलीकडे लिहिण्याचं वावडं होतं. शिवाय दिनानाथ म्हणाले, सुतळीची गाठ होती तशीच होती. पोपट एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. म्हणजे त्यालाही तिचाच संशय होता.

असा अपमान सरूचा आयुष्यात कुणी केला नव्हता. गाडीत नागोठणं येईपर्यंत ती मनातल्या मनात दिनानाथांना उत्तरं देत होती. एकाहून एक चांगली उत्तरं सुचत होती, पण आता त्यांचा काही उपयोग नव्हता.

मात्र एक गोष्ट तिच्या ध्यानात राहिली. भांडण मिटल्यावर दिनानाथांनी ती ओळ पुन्हा एकदा, स्वतःशीच, हळू वाचली होती. "ज्याने कुणी लिहिली," ते म्हणाले होते, "लिहिली मात्र झकास."

४

पुढच्या खेपेला तिने पुरावा करायचं ठरवलं. आपली ओळ लिहिली, खाली जागा सोडली, आणि वही बांधून पाठवण्याऐवजी घरातल्या लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली पदराला बांधली. दोन खोल्यांचं घर, एकटीच राहणारी ती. शनिवारची दुपार होती, शाळा सकाळचीच. पुढचं दार लावून ती चाचणीचे पेपर तपासत बसली.

पाचवा की सहावा पेपर असेल. मागच्या खोलीत आवाज झाला. थप्प.

कुणी गोवऱ्या थापत असेल, असं तिला वाटलं. मग आठवलं की या चाळीत म्हैस सोडाच, शेळीसुद्धा कुणाकडे नाही. पुन्हा थप्प. ओला, जड आवाज, मातीचा लगदा मातीवर पडावा तसा. शेजारी बांधकाम निघालं असेल. पण शेजारचे गेला आठवडाभर गावाला होते, आणि आवाज भिंतीपलीकडून येत नव्हता. भिंतीच्या अलीकडून येत होता.

तिने लाल पेन खाली ठेवलं नाही. ते हातात तसंच धरून ती मागच्या खोलीत गेली. खोली होती तशी होती. स्टोव्ह, मोरी, दोरीवर वाळत घातलेलं पातळ. कपाट बंद. आवाज थांबला होता.

तिने किल्ली लावली. वही ठेवली होती तिथेच होती. मोकळ्या जागेत पेन्सिलीने लिहिलं होतं, "किती भरत्या झाल्या, माझ्या नावचं भगदाड तसंच." पान दमट होतं. ओळीवरून बोट फिरवलं तर बोटाला गार चिखल लागला, आणि त्याला खाडीचा वास होता.

आपणच तर नाही ना लिहिलं, हा विचार तिने प्रामाणिकपणे करून पाहिला. रद्दी कागदावर पेन्सिलीने बिनरेघेची अक्षरं काढून पाहिली. एकही तशी आली नाही. घाबरण्याआधी तिला संताप आला. कुलूप लावलेल्या कपाटाचा, आपल्या शहाणपणाचा, गुणाजीचासुद्धा. मग तिने ओळ पुन्हा वाचली. आणि खरं सांगायचं तर तिला ती फार आवडली. वर लिहिलेली तिची स्वतःची ओळ तिच्यापुढे अगदी शाळकरी वाटत होती.

तिने वही बांधली आणि पाठवून दिली. कपाटाचं कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी दिनानाथांनी ती ओळ वाचली आणि तिच्याकडे बघून हसले, तेव्हाही ती गप्प राहिली. लोकांना वाटतंय तर वाटू दे, असं तिने स्वतःला समजावलं. पण ते खरं कारण नव्हतं. तिला पुढची ओळ हवी होती.

५

पुढची आली. "उंबऱ्याशी पाय धुतो, पाणी गढूळच राहतं." त्यापुढची आली. "हाक मारता, मग बस तरी म्हणा." ओळ पूर्ण होईपर्यंत सरू दर वेळी पुढच्या खोलीत बसून राहायची आणि मागून येणारी थपथप ऐकायची. दार उघडून बघायचं धाडस तिला झालं नाही. नळ टपकतो, पत्रा तापतो, कसले कसले आवाज येतात घरात, असं म्हणायचीही सवय झाली.

माघात रोह्याला जिल्ह्याचा एक कवितेचा कार्यक्रम झाला. तिघांनी मिळून कविता वाचली. टाळ्या पडल्या त्या प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या ओळीला. एक गृहस्थ भेटायला आले नि म्हणाले, "काय प्रतिमा आहे हो, डोईवरला चिखल. किती खोल." दिनानाथांनी नम्रपणे मान झुकवली, जणू चिखल त्यांनीच वाहिला होता.

मग पुस्तकाचं ठरलं. चार नावं छापायची, म्हणजे गुणाजीच्या बायकोला विचारायला हवं. "तुम्ही जा," दिनानाथ सरूला म्हणाले. "बाईमाणसाने गेलेलं बरं." तिलाही जायचंच होतं. नवऱ्याची केवढी कदर झाली हे त्या बाईला कळायला नको?

६

चैत्रातली दुपार होती. ठमाबाई मागल्या दारी जवळा वाळत घालत होती. गुणाजीची बायको म्हणून सरूने तिला फक्त त्याच्या दिवसांना पाहिलं होतं. तिने सरूला पाट दिला, पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागली. सरूने वही उघडली आणि एकेक करून तिसऱ्या ओळी वाचून दाखवल्या. वर्गात वाचते तशा, चढ-उतार घेऊन.

उंबऱ्याच्या ओळीला ठमाबाईचा हात थांबला. 'बस तरी म्हणा' संपल्यावर ती म्हणाली, "ही कविता नाय, बाई. गाऱ्हानं हाय."

"तुमी त्याची जागा मोकली ठेवलीव?"

"हो. तुमच्याच जोळाचा नियम. गुणाजीनेच सांगितला होता. माणूस येतो आणि भरतो."

"जित्या मानसाची ठेवतान." ठमाबाईने मान वर केली. ती ओरडली नाही. "मेल्याची नाय ठेवत. मेला का त्याच दिशी, त्याला आग द्याच्या आधी, दोन बाजूचे शेजारी त्याचा तुकरा आर्धा आर्धा भरतान. शिवानं आर्धा भरला, रघूनं आर्धा. त्याचं नाव बांधावर ऱ्हाला नाय पायजे. तवा त्यो जातो. आमी येवरं करून त्याला लावला वाटेला, नि तुमी त्याला कागदावर परत उभा केलाव?"

"पण त्याने आम्हाला एवढंच..."

"तुमी इचारलंव का पुरं? म्हयन्यातून एक दुपार येतो. हितंच, या दारान उभा ऱ्हातो, डोईवर पाटी. बस बोलले तर बसत नाय. बोलतो, माझी जागा मोकलीच हाय, हाक येते."

"तुम्ही पाहिलंत त्याला?"

"पाय बघलं. मान वर करून नाय बघलं. एवरी वर्सं संसार केला, तरी नाय बघवलं." तिने जवळ्याचं सूप बाजूला सारलं. "त्यो तिकरं वझ्याखाली मरतो परत परत, नि तुमी टाल्या वाजवतान. शिकलेली मानसं ना तुमी?"

सरूला वाटलं, आपल्याला कुणी भर वर्गात उभं केलंय. कपाटातली वही, पुढच्या खोलीत बसून काढलेल्या त्या दुपारी, ओळ आवडली म्हणून धरलेलं मौन, सगळं एकदम आठवलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"त्या वहीन त्याच्या दोन बाजूला कोन हाय?"

"वर मी. खाली दिनानाथ."

"मंग दोगांनी भरा. आर्धी तू, आर्धी त्यो. दोगांनी, एका बैठकीत. नि मंग परत त्याचं नाव नाय काराचं."

निघताना सरूचं लक्ष अंगणाकडे गेलं. उन्हाने तडकलेली कोरडी माती. तिच्यावर बांधाच्या बाजूने मागल्या दारापर्यंत आलेली अनवाणी पावलं होती, ओली. दाराशी ती थांबली होती. परत गेल्याची एकही नव्हती. सरूने दाराआड पाहिलं नाही. चपला हातात घेऊन ती पुढून निघाली.

७

रविवारी तिने सगळं सांगितलं, कपाटापासून अंगणापर्यंत. पोपटने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "भरून टाका. आत्ताच्या आत्ता भरा."

दिनानाथ चष्मा पुसत होते. "सरूताई, उन्हाचं चालून आलात तुम्ही. बाई दुःखात आहे. तिला काय वाटेल ते दिसतंय, मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण पुस्तक आषाढात छापायला जातंय. शेवटच्या कडव्याची तिसरी जागा अजून कोरीच आहे."

"म्हणजे तुमचा विश्वास नाही."

"विश्वास?" दिनानाथांनी चष्मा चढवला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "विश्वास आहे म्हणूनच म्हणतो. तीस वर्षं लिहितोय मी. एकसुद्धा ओळ तशी उतरली नाही माझ्या हातून, एकसुद्धा. आणि तुम्ही ती बंद करायला निघालात? एक कडवं आणखी येऊ द्या. एकच. मग भरतो."

"तो ओझ्याखाली उभा आहे तिथे."

"सहा महिने तुम्हाला तो चालला. कपाटाला कुलूप घालून तुम्ही ओळींची वाट बघत होतात. आता एकदम मलाच माणुसकी शिकवता?"

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सरू पेटली. ठमाबाईने काय सांगितलं होतं, ते तिच्या डोक्यात नव्हतं असं नाही. दोघांनी, एका बैठकीत. पण समोरचा माणूस ढिम्म बसलेला, हाताची घडी घालून. याला चांगला कोंडीत पकडायचा, असं तिला वाटलं. आपण आपली अर्धी लिहिली की उरलेली तशीच ठेवून जातील कुठे. तिने पेन काढलं, वही पुढे ओढली, आणि मोकळ्या जागेच्या अर्ध्यात लिहिलं, "ठेव पाटी, गुणाजी,"

"सरूताई, थांबा," पोपट म्हणाला.

"आता भरा तुमची," सरूने वही दिनानाथांपुढे टाकली. "स्वल्पविराम दिलाय. पुरं करा वाक्य."

दिनानाथांनी ओळीकडे पाहिलं. मग वही मिटली, पिशवीत घातली आणि पिशवीचे बंद बांधले. "पुढच्या महिन्यात," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. पोपट त्यांच्या मागे धावला. सरू धावली नाही. तिचं म्हणणं होतं की तिने तिचं काम केलंय, आता लाज असेल तर तो माणूस आपणहून येईल. घरी पोचेपर्यंत ती तशीच ताठ होती.

८

दिनानाथ आले नाहीत, वहीही आली नाही. सरूने दोन पत्रं टाकली. वाचनालयात फोन केला तर ते पुण्याला लेकीकडे गेल्याचं कळलं, पिशवी घेऊन. तिच्या मागच्या खोलीत आता काही वाजत नव्हतं, आणि तिने स्वतःची समजूत घातली की अर्ध्यानेही काम झालं असेल.

एका बुधवारी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, व्हरांड्यात कुणी बाई बसलीय. ठमाबाई होती. आयुष्यात पहिल्यांदा रोह्याला आली होती, विचारत विचारत. पोरं तिच्या भोवतीने पळत होती आणि ती खांबाला टेकून, पाय जवळ घेऊन बसली होती.

"भरलंव का?" तिने विचारलं.

"मी माझी भरली," सरू म्हणाली. "तो भरत नाही. मी काय करू? माझी मी भरली."

ठमाबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता, आणि तो आता कुणावर काढायचा हे तिला कळत नसावं. घंटा झाली. पोरं वर्गात गेली, व्हरांडा रिकामा झाला.

"काल आयला," ती म्हणाली. "काल मी मान वर केली. आर्धाच आयला गो. पाटी मातर आख्खी हाय."